बायमेटल लगेच फेकू नका

फ्रिजमध्ये बर्फ साचतोय आणि मीटर लावल्यावर बायमेटलची (तापमानानुसार वीज जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) कंटिन्युटी, म्हणजे आतली जोडणी, दिसली नाही तर तो गेलाच, असं काही जण म्हणतात; ते मला पटलं नाही. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधला डीफ्रॉस्टचा बायमेटल गार असतानाच जोडलेला असतो. फ्रिज गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ असेल तर हीटरला वीज द्यायची आणि बर्फ वितळून कॉइल तापली की तोडायची, एवढंच त्याचं काम. बाहेर काढून टेबलावर ठेवला की चांगला बायमेटलही 'ओपन'च, म्हणजे तुटलेलाच, दाखवणार. त्याच्या जोडीला असणाऱ्या थर्मल फ्यूजचं मात्र उलट, तो कधीही तपासा, कंटिन्युटी दिसलीच पाहिजे. नसेल तर तो उडालाय.

आमच्याकडे मेकॅनिकने नेमकी हीच चूक केली होती. नवा बायमेटल बसवला, पैसे घेतले, आणि आठवड्याभरात मागच्या पत्र्यावर पुन्हा बर्फाची भिंत! मग जुना पार्ट मी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बर्फ आणि जाड्या मिठात पुरला, पॉटचं आइस्क्रीम करतो तसा. (नुसता बर्फ चालत नाही, बहुतेक बायमेटल शून्याच्या बरेच खाली गेल्यावर जोडतात.) दहा-पंधरा मिनिटांनी मीटर लावला तर कंटिन्युटी व्यवस्थित. शेवटी दोष निघाला टायमरमध्ये, म्हणजे कूलिंग आणि हीटर आळीपाळीने चालवणाऱ्या पार्टमध्ये. तो कूलिंगवरच अडकला होता, हीटरची पाळी येतच नव्हती. तुमचा टायमर जुन्या पद्धतीचा असेल तर स्क्रू ड्रायव्हरने 'टक' आवाज येईपर्यंत हळूच फिरवून पाहा, अर्थात प्लग काढून. मग प्लग लावल्यावर कॉम्प्रेसर बंद राहून थोड्या वेळात बर्फ पाझरू लागला, तर हीटर-बायमेटल दोन्ही ठीक आहेत.