फक्त ताप तपासून भागत नाही

दवाखान्याच्या दारात ताप मोजला की संसर्ग आत येत नाही, या मताशी मी सहमत नाही. मर्स या कोरोना गटातल्या विषाणूमुळे होणाऱ्या श्वसनाच्या आजाराचंच उदाहरण घ्या. ताप, खोकला, धाप ही त्याची नेहमीची लक्षणं, पण काहींना सुरुवातीला जुलाब-उलट्या होतात. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांना तर ताप येतोच असं नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत २ ते १४ दिवस जातात. शिवाय नाकातला नमुना कधी निगेटिव्ह येतो आणि विषाणू खोल फुप्फुसात असतो, म्हणून शक्य असेल तेव्हा बेडका तपासणं जास्त भरवशाचं.

२०१३ मध्ये सौदी अरेबियातल्या अल-अहसा भागात हा विषाणू डायलिसिस विभागातून पसरला. तिथले रुग्ण आठवड्यातून अनेकदा, तासन्‌तास शेजारी-शेजारी बसतात आणि मधुमेह, मूत्रपिंडविकार यांमुळे आधीच नाजूक असतात. २०१५ मध्ये दक्षिण कोरियात प्रवासाहून आलेल्या एका माणसापासून साखळी सुरू झाली. तो निदानाआधी अनेक दवाखाने फिरला होता. पुढे त्याच साखळीतल्या दुसऱ्या एकाच रुग्णाकडून, गर्दीच्या आपत्कालीन विभागात, ८२ जणांना लागण झाली! त्यात इतर रुग्ण होते, कर्मचारी होते आणि सोबत आलेले नातेवाईकही.

या नातेवाइकांचा विचार फार कमी होतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. रात्रंदिवस उशाशी तेच असतात. त्यांना मास्क द्या, हात धुवायला शिकवा, नावं नोंदवून ठेवा. आणि आलेल्या प्रत्येकाला ‘ताप आहे का’ याआधी ‘गेल्या दोन आठवड्यांत कुठे होता, कोणत्या दवाखान्यात गेला होता’ हे विचारा.