अपक्ष खासदाराला किती माणसं द्यायची, आणि ते कोणी ठरवायचं?

उंबरठा
मे २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कनिष्ठ सभागृहात दहा अपक्ष निवडून आले. जूनमध्ये नवे पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांनी त्यांना कळवलं की मतदारसंघाच्या कार्यालयातले चार कर्मचारी सगळ्याच खासदारांना असतात, ते तुम्हालाही राहतील. पण आधीच्या सरकारच्या काळात अपक्षांना मिळणारे चार जादा सल्लागार आता मिळणार नाहीत, एकच मिळेल. कारण दिलं समानतेचं: एकाला चार माणसं आणि दुसऱ्याला आठ, हे बरोबर नाही.

मला हा निर्णय चुकीचा वाटतो. मतदारसंघाचं काम सगळ्यांना सारखंच असतं, मान्य. पेन्शन अडलेला माणूस कोणत्याही खासदाराच्या दारात येतो. फरक पडतो तो सभागृहात. पक्षाच्या खासदाराला मतदानाआधी प्रतोदाकडून निरोप येतो. त्याआधी पक्षातल्या कुणीतरी विधेयक वाचलेलं असतं, कुणीतरी तज्ज्ञांशी बोललेलं असतं, दुरुस्ती लिहिलेली असते. अपक्षाच्या टेबलावर नुसतं विधेयक येतं. आज दूरसंचाराचं, उद्या कराचं, परवा संरक्षणाचं, आणि प्रत्येकावर हो की नाही हे त्याचं त्यालाच ठरवायचं.

त्याहून मला खुपतं ते वेगळंच. १९८४ च्या कायद्याप्रमाणे हे जादा कर्मचारी किती द्यायचे हे तिथे पंतप्रधान ठरवतात. ज्याच्या विधेयकातल्या चुका शोधायच्या, शोधणारे किती असावेत हेही त्यानेच सांगायचं?

सरळरेष
असहमत. सत्ताधारी पक्षाच्या मागच्या बाकावरच्या, म्हणजे मंत्रिपद नसलेल्या खासदाराकडेही तेव्हा चारच माणसं होती. त्याला प्रतोदाचा निरोप येतो म्हणता, पण तो निरोप म्हणजे मदत नाही, आदेश आहे. विधेयक स्वतः समजून घ्यायचं तर त्यालाही रात्र जागवावी लागते.

दुसरं, सरकारी पैसा पक्षांना मिळतो तो त्यांनी शंभर-दोनशे खासदारांचं मत एका धोरणात बांधावं म्हणून. ब्रिटनमध्ये १९७५ पासून विरोधी पक्षांना संसदीय कामासाठी 'शॉर्ट मनी' नावाचा सरकारी निधी मिळतो. अट अशी की गेल्या सार्वत्रिक निवडणुकीत किमान दोन जागा हव्यात, किंवा एक जागा आणि दीड लाख मतं. २०१९ मध्ये लेबरचे आठ आणि हुजूर पक्षाचे तीन खासदार बाहेर पडून एकत्र आले, त्यांना यातलं काही मिळालं नाही, कारण त्या गटाच्या नावाने कुणी मत मागितलंच नव्हतं. मला हे योग्य वाटतं. नाहीतर नाराज खासदाराने पक्ष सोडायचा आणि जाताना निधीही घेऊन जायचा, असा पायंडा पडेल.

जुनी फाईल
तुम्ही दोघंही पैशावरच बोलताय. जर्मनीत हा वाद घटना न्यायालयापर्यंत गेला होता. ग्रीन पक्षाच्या संसदेतल्या गटाबाहेर पडलेले खासदार टोमास व्युपेझाल यांनी तक्रार केली आणि जून १९८९ मध्ये निकाल आला. न्यायालयाने म्हटलं, गटांना मिळणारं अनुदान गटाच्या समन्वयासाठी आहे, एकट्या सदस्याला त्यात वाटा मागता येणार नाही. पण त्याची उणीव संसदेच्या प्रशासनाने भरून काढायला हवी. आणि एका समितीवर त्याला जागा मिळालीच पाहिजे: बोलण्याचा आणि प्रस्ताव मांडण्याचा हक्क, मताचा नाही.

म्हणजे पैसा नाही, सेवा. माझ्या मते हाच रस्ता.

पाणवठा
सेवेच्या बाजूने माझंही मत, कारण रोख भत्त्याचं काय होतं ते आयर्लंडने दाखवलं. तिथे अपक्ष सदस्याला संसदीय कामासाठी वर्षाला सुमारे ४१ हजार युरो मिळत. पक्षांना हिशेब द्यावा लागे, अपक्षांना नाही. २०१४ च्या कायद्यानंतर अपक्षांचा हिशेब सुरू झाला. इतकी वर्षं करदात्याला विचारायचीही सोय नव्हती, हे मला अजिबात पटत नाही.

उंबरठा
@पाणवठा, हिशेबाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पैसा खासदाराच्या हातात जाऊच नये. संसदेने परस्पर कर्मचाऱ्याला पगार द्यावा.

@जुनी फाईल, सेवेने भागत नाही. अल्बानीज यांनीही संसदेच्या ग्रंथालयाला जादा मनुष्यबळ देऊ असं सांगितलं होतं. ग्रंथालयातल्या लोकांबद्दल मला आदर आहे, पण ते सर्वांचे आहेत आणि म्हणून तटस्थ असलेच पाहिजेत. कलम काय म्हणतं ते सांगतील. ते बदलावं का, बदलायचं तर कुठे अडून बसायचं आणि कुठे तडजोड करायची, हे ते सांगणार नाहीत, सांगूही नये. त्यासाठी खासदाराचा स्वतःचा माणूस लागतो.

ऑस्ट्रेलियाच्या सिनेटचं, म्हणजे वरिष्ठ सभागृहाचं, २०२२ च्या निवडणुकीनंतरचं गणित बघा. बहुमताला ३९ मतं लागत. अल्बानीज यांच्या लेबर पक्षाची २६, ग्रीन्स पक्षाची १२. विरोधक आडवे आले की उरलेलं एक मत कुठूनतरी आणायचंच. ज्या एका मतावर कायदा व्हायचा किंवा पडायचा, ते देणाऱ्याने विधेयक नीट वाचलेलं असावं, यात देशाचं हित नाही का?

सरळरेष
अपक्ष कुणाला म्हणायचं ते आधी ठरवा. जानेवारी २०२५ मध्ये आयर्लंडमध्ये काही अपक्षांनी सरकारला पाठिंबा दिला आणि त्यांच्यातल्याच काहींनी विरोधकांच्या वाट्याची बोलण्याची वेळही मागितली. त्यावरून इतका गदारोळ झाला की पंतप्रधानांची निवड एक दिवस लांबली. युरोपीय संसदेत १९९९ मध्ये तर विचारांनी एकमेकांपासून कोसभर दूर असलेल्या सदस्यांनी गटाच्या सवलतींसाठी 'तांत्रिक गट' काढला होता. संसदेने तो नाकारला आणि २००१ मध्ये न्यायालयाने संसदेचं म्हणणं उचलून धरलं. सवलत ठेवली की तिच्यात बसण्यासाठी माणसं आकार बदलतात.

पाणवठा
मग ती सवलत अपक्षांपुरती ठेवायचीच कशाला? मागच्या बाकावरच्यांनाही एक सल्लागार द्या. सरळरेष, प्रतोदाचा निरोप म्हणजे मदत नाही असं तुम्हीच म्हणालात. त्याच्याकडे स्वतः विधेयक वाचणारा माणूस असेल तर तो पक्षाच्या बैठकीत तरी प्रश्न विचारेल. खर्च वाढेल, पण वाईट कायदा त्याहून महाग पडतो.

सरळरेष
याला माझा विरोध नाही. संख्या पंतप्रधानांनी ठरवू नये, हेही मान्य करतो. ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाच्या घोटाळ्यानंतर २००९ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण आलं, कर्मचाऱ्यांसाठीची रक्कम तेच ठरवतं. तसं काही असावं. पण उंबरठा, चार की एक, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

उंबरठा
दोन. एक कायद्याची भाषा जाणणारा, एक सभागृहाचं कामकाज जाणणारा. पहिला नसेल तर दुरुस्ती लिहिता येत नाही, दुसरा नसेल तर ती वेळेत दाखल होत नाही.