मदत हवी आहे: मेजर प्रोजेक्टमध्ये 'बिझनेस केस' आणि सादरीकरणालाही गुण आहेत. पंप कंट्रोलरचा हिशोब कसा मांडावा?

फेज_तीन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बेळगावात इलेक्ट्रिकलच्या सहाव्या सेमिस्टरला आहोत. टीम चौघांची: दोन इलेक्ट्रिकल, एक ईसी (इलेक्ट्रॉनिक्स), एक मेकॅनिकल. विषय शेतीपंपाचा कंट्रोलर. फोनवरून मोटर चालू-बंद, ड्राय रन (पाणी नसताना पंप चालणं) झाला की बंद, तीनपैकी एक फेज गेला की बंद. ब्रेडबोर्डवर सर्किट चालतंय. सीटीवरून (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) करंट वाचतो, फोनसाठी जीएसएम मॉड्यूल सिम८००, रिलेवरून कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच).

अडचण पुढची आहे. आमच्या कॉलेजच्या मूल्यमापनात सर्किटच्या जोडीला 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट व फायनान्स', 'टीमवर्क' आणि 'कम्युनिकेशन' असे वेगळे रकाने आहेत. गाईड सर म्हणतात बिझनेस केस ढिली आहे, पण नेमकी कुठे ते आम्हाला कळत नाही. आमची चौथी स्लाइड अशी: "पाणी व विजेची बचत, शेतकऱ्याचे वीजबिल ३० टक्के कमी. उत्पादन खर्च १,९०० रु., विक्री किंमत २,५०० रु., नफा ६०० रु."

विचारायचं आहे ते असं:
१) ही किंमत बरोबर मांडली आहे का?
२) शेतकऱ्यांचा सर्व्हे गूगल फॉर्मवर घेतला तर चालेल का? 'विकत घ्याल का' याला ४० जणांनी होय म्हटलंय.
३) टीममधल्या एकालाच कन्नड नीट येतं. चिकोडी, गोकाक, खानापूर अशा तिन्ही बाजूंना जायचं म्हणतोय.
४) चौघांत काम कसं वाटलं हे रिपोर्टमध्ये कसं दाखवायचं?

उद्यमबाग_पॅनेल

चौथी स्लाइड आधी काढा बघू.

कर्नाटकात १० एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत आहे. ज्याचं बिलच शून्य त्याचं ३० टक्के कमी कसं करणार? हद्द ओलांडून चंदगड-कागलकडे गेलात तरी तेच, महाराष्ट्रातही २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत मोफत आहे. विजेची बचत होतेच, पण तिचा फायदा हेस्कॉमला (इथली वीज वितरण कंपनी) आणि अनुदान देणाऱ्या सरकारला. ते गिऱ्हाईक वेगळं, तिथे टेंडर लागतं. परीक्षक बाहेरचा असला तर पहिला प्रश्न इथेच येणार, आणि उत्तर नसलं तर पुढच्या दहा स्लाइड वाया.

शेतकऱ्याच्या खिशातून पैसे कुठे जातात ते बघा. मोटर जळाली की रिवाइंडिंग (जळालेली तार काढून नवी गुंडाळणं). बोअरची असेल तर पाईपसकट वर काढायची आणि परत सोडायची मजुरी, ती वेगळी. तोवर ऊस किंवा भाजी पाण्यावाचून उभी. शिवाय थ्री फेज पाळीपाळीने येते, म्हणून रात्री-अपरात्री मळ्यात हेलपाटा. ऑटो स्टार्टर आणि मोबाईल स्टार्टर विकले जातात ते या शेवटच्या कारणासाठी. असा माल बाजारात आधीच आहे हेही लिहा. दोन-तीन कंपन्यांचे स्टार्टर दुकानात जाऊन बघा, त्यात काय आहे आणि काय नाही याचा तक्ता करा. 'असं उत्पादन उपलब्ध नाही' हे वाक्य रिपोर्टमध्ये चुकूनही नको.

तुमचा वेगळेपणा मोटर वाचवण्यात असेल तर मुद्दा असा मांडा: एक रिवाइंडिंग टळलं की कंट्रोलरची किती किंमत वसूल होते? त्यासाठी रिवाइंडिंगचे दर इंटरनेटवरून घेऊ नका. ३, ५ आणि साडेसात एचपीचे दर तीन वेगवेगळ्या दुकानांतून लिहून घ्या. बोअरची मोटर वर काढण्याचा दर खोलीप्रमाणे बदलतो, तो वेगळ्या ओळीत.

आता किंमत. १,९०० रुपये हा सुट्या भागांचा खर्च आहे, उत्पादन खर्च नव्हे. उदाहरणादाखल १०० नग करायचे धरून एका नगाचा हिशोब मांडू. भाग १,९००. जोडणी आणि टेस्टिंग २५०. पॅकिंग-वाहतूक ८०. वॉरंटीत परत येणाऱ्या नगांसाठी १२०. झाले २,३५०. त्यावर कंपनीचे १५ टक्के धरले तर साधारण २,७००. दुकानदार विक्री किमतीच्या २० टक्के मागणार, म्हणजे २,७०० भागिले ०.८, ३,३७५. वर १८ टक्के जीएसटी. गिऱ्हाइकाच्या हातात पडताना ३,९८० च्या आसपास. आकडे तुमचे वेगळे येतील, पायऱ्या याच. २,५०० ला विकलं तर त्यातला जीएसटी वजा जाता २,११९ उरतात, दुकानदाराचे काढले की १,६९५. म्हणजे भागांचेही पैसे निघत नाहीत. सरांना ढिली वाटतेय ती जागा हीच.

आणि विकणार कोण? रिवाइंडिंगवाला हा सगळ्यात जवळचा माणूस, पण मोटर जळली तरच त्याचं पोट भरतं. तो तुमचा डबा कशाला खपवेल? पॅनेल बसवणारा वायरमन किंवा पंपाचा डीलर बघा. नव्या पंपासोबत विकला तर बसवण्याचा वेगळा हेलपाटा वाचतो.

सबमर्सिबल_साडेसात

वर हिशोब झाला, मी सर्किटवर येतो. कारण तुमची बिझनेस केस मोटर वाचवण्यावर उभी राहणार आणि नुसत्या करंटवर ड्राय रन ओळखणं तिथेच फसतं.

पाणी संपलं की मोटरवरचा भार जातो, पण मॅग्नेटायझिंग करंट (मोटरमधलं चुंबकत्व टिकवणारा) राहतोच. म्हणून अँपिअर वाटतात तितके खाली येत नाहीत. कोसळतो तो पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या करंटमधला खरं काम करणारा वाटा. त्यात व्होल्टेज कमी-जास्त झालं की भारावरच्या मोटरचा करंटही सरकतो आणि तुमची मर्यादा-रेषा खोटी ठरते. व्होल्टेज आणि करंट दोन्ही वाचून खरी पॉवर काढा. एक व्होल्टेज सेन्सर वाढेल, तो खर्चाच्या तक्त्यात टाका.

सेंट्रिफ्युगल पंपात व्हॉल्व्ह बंद असला तरी पॉवर खाली येते. दूधगंगा, घटप्रभेच्या काठच्या लिफ्टला फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाईपच्या तोंडाची झडप) तुंबून पंपातलं पाणी सुटलं, तरी चित्र साधारण तसंच. कंट्रोलरला हे फरक कळत नाहीत. त्यामुळे त्याला 'ड्राय रन' न म्हणता 'कमी भार' म्हणा आणि मेसेजमध्ये तसंच पाठवा. मर्यादा फॅक्टरीत ठरवू नका. बसवताना पंप पूर्ण पाण्यावर चालवून एक बटण दाबायचं, त्या वाचनाच्या अमुक टक्के खाली गेलं की बंद. टक्का तुमच्या चाचणीतून काढा.

डायरेक्ट ऑनलाइन (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर) स्टार्टला करंट सहापटीपर्यंत जातो, ते सुरुवातीचे सेकंद वाचन सोडून द्या. बोअरला पाईप भरेपर्यंतही वाचन स्थिर नसतं. ५ एचपीला भारावर साधारण ७ ते ८ अँपिअर, सबमर्सिबलला थोडे जास्त. तुमचा सीटी १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर देणारा असेल तर ८ अँपिअरला फक्त ४ मिलिअँपिअर मिळतात आणि एडीसीची (वाचन आकड्यांत बदलणाऱ्या भागाची) बरीचशी रेंज वाया जाते. वायरीचे पाच वेढे सीटीच्या क्लॅम्पमधून घ्या, २० मिलिअँपिअर येतील. वायरीतून करंट वाहत असताना सीटीची सेकंडरी उघडी ठेवायची नाही, बर्डन रेझिस्टर (सेकंडरीवर लावायचा रोध) आधी जोडायचा.

सिम८०० बद्दल. ते २जीवर चालतं आणि जिओला २जी नाही. मळ्यात जिओचं सिम असेल तर डबा मुका. ४जी मॉड्यूल घ्या, भागांचा खर्च वाढेल पण वाढू दे. सिम८०० च ठेवणार असाल तर ते सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. आर्डुइनोच्या ५ व्होल्टवरून दिलंत तर मॉड्यूल पुनःपुन्हा रीसेट होईल. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा आणि मॉड्यूलच्या पिनांजवळ १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या.

कॉन्टॅक्टर सुटताना कंट्रोलर अडकतो का? अडकत असेल तर कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा. आणि ऑटो मोडमध्ये थ्री फेज आल्या-आल्या मोटर सुरू करू नका. एका ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे पंप एकदम उठले की व्होल्टेज बसतं. प्रत्येक डब्याला काही सेकंद ते दोन-तीन मिनिटं असा वेगवेगळा विलंब द्या. सर्किटमध्ये दमडीचाही खर्च नाही, आणि विक्रीच्या स्लाइडवर हा मुद्दा उठून दिसेल.

चाचणी ४१५ व्होल्टवर लॅब असिस्टंट हजर असतानाच. एमसीबी आणि हाताशी इमर्जन्सी स्टॉप हवाच.

फेज_तीन

काका, पॉवर फॅक्टरचं डोक्यातच नव्हतं. पण मग एकफेजी झाल्यावरही पॉवरच बघायची का? आणि फोनवर 'मोटर चालू' असा मेसेज येतो तो आम्ही रिलेच्या स्थितीवरून पाठवतो, ठीक आहे ना?

सबमर्सिबल_साडेसात

नाही. फेज जाण्यासाठी तिन्ही फेजचे करंट वेगळे बघा. चालू मोटरचा एक फेज गेला तर ती थांबत नाही, उरलेल्या दोन फेजमध्ये करंट साधारण १.७३ पट होतो आणि वाइंडिंग तापून जळतं. नुसते व्होल्टेज बघून फसाल, कारण फिरती मोटर गेलेल्या फेजवरही व्होल्टेज तयार करते. म्हणजे निदान दोन सीटी, शक्यतो तीन.

मेसेज मोजलेल्या करंटवरून पाठवा. रिले लागला पण कॉन्टॅक्टर बसला नाही तर शेतकरी घरी निवांत आणि पाणी बंद. मिस्ड कॉलवर चालू-बंद करणार असाल तर ठरलेल्या नंबरांव्यतिरिक्त कोणाचा कॉल चालता कामा नये.

रुब्रिक_वाचा

तुमचा दुसरा, तिसरा आणि चौथा प्रश्न घेते.

मूल्यमापनातले ते रकाने कॉलेजच्या मनातून आलेले नाहीत. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या जुन्या बारा प्रोग्राम आउटकमच्या (विद्यार्थ्यात यायला हवीत अशा क्षमतांच्या) यादीत नववा टीमवर्क, दहावा संवाद, अकरावा प्रोजेक्ट मॅनेजमेंट आणि फायनान्स. नव्या अकराच्या यादीत तेच आठ, नऊ, दहा. गाईडला प्रत्येक रकान्यासमोर पुरावा लागतो. तो तुम्ही तयार करून दिलात तर गुण द्यायला त्यांचा हात मोकळा होतो. हुबळीच्या केएलई टेकमध्ये तर पहिल्या वर्षापासूनच 'इंजिनिअरिंग एक्सप्लोरेशन' हा विषय अशा टीम प्रोजेक्टवर चालतो.

सर्व्हे. गूगल फॉर्म टाका कचऱ्यात. 'विकत घ्याल का' याला होय म्हणायला पैसे पडत नाहीत, आणि फॉर्म भरणारे बहुतेक तुमच्याच वर्गातल्यांचे नातेवाईक असणार. त्याऐवजी १२ ते १५ पंपधारकांशी बांधावर बसून बोला: काही बोअरवाले, काही विहीरवाले, काही नदीवरच्या लिफ्टचे. विचारायचं ते घडून गेलेलं. मोटर शेवटची कधी जळाली? कशाने, असं वायरमन म्हणाला? किती दिवस बंद होती? पैसे कोणाला किती दिले, रोख की उधार? आता स्टार्टरला काय बसवलंय आणि ते कोणी सुचवलं? तुमच्या डब्याचं नाव शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत काढायचं नाही. आधी सांगितलंत की माणूस तुमचं मन राखायला बोलतो.

दोघांनी जायचं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं, तेही त्या माणसाच्याच शब्दांत. खानापूरच्या पश्चिमेकडे मराठीवर भागेल, निपाणी-चिकोडीकडे दोन्ही चालतात, गोकाक-बैलहोंगलला कन्नडवाला पुढे आणि मराठीवाला वहीवर. पण तोच एक मुलगा सगळीकडे नेऊ नका, त्याचं टेस्टिंग रखडेल. प्रश्नावली आधीच दोन्ही भाषांत छापा आणि बाकीच्या तिघांनी कन्नडमधले प्रश्न वाचण्यापुरते तरी तयार करा. बळके कन्नड (कन्नड न येणाऱ्यांसाठीचा विषय) पहिल्या वर्षी झालंय ना? मग लाजायचं कशाला.

काम वाटणी दाखवायला 'सर्वांनी समान योगदान दिले' हे वाक्य सगळ्यात कुचकामी. दर आठवड्याला एक पान इतिवृत्त ठेवा: काय ठरलं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, मागच्यातलं काय राहिलं आणि का. 'का' हा रकाना कोणी भरत नाही, गुण तिथेच आहेत. प्रत्येक कामाला एकच मालक, मदतनीस कितीही. सर्किट बदललं की कारण लिहा. उदाहरणार्थ, 'जिओवर २जी नसल्याने ४जी मॉड्यूल घेतले, भागांचा खर्च इतका वाढला, विक्री किंमत इतकी सरकली.' या एका ओळीत अभियांत्रिकी, फायनान्स आणि संवाद तिन्ही येतात. सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण द्यायचे असतील तर ते सेमिस्टरच्या मध्यात एकदा आणि शेवटी एकदा घ्या. एकदाच, तेही शेवटी घेतलं की भांडण मिटवायला सगळे एकमेकांना पूर्ण गुण देतात.

सादरीकरण दहा मिनिटांचं असेल तर ब्लॉक डायग्रामला एकच मिनिट. पहिल्या दोन मिनिटांत मोटर का जळते आणि त्याचा खर्च कोण सोसतो हे सांगा. चौघांनी बोलायचंच, पण पाठ केलेले तुकडे नकोत. आपला भाग सोडून दुसऱ्याच्या भागावरच्या एका प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला देता आलं पाहिजे. मेकॅनिकलवाल्याला डब्याच्या आयपी रेटिंगपुरता (पाणी-धुळीपासून संरक्षणाचा दर्जा) ठेवू नका, खर्चाचा तक्ता त्याच्याकडे द्या.

उद्यमबाग_पॅनेल

दोन गोष्टी राहिल्या. केएससीएसटीच्या (कर्नाटक राज्य विज्ञान-तंत्रज्ञान परिषद) स्टुडंट प्रोजेक्ट प्रोग्रामला प्रस्ताव पाठवायचा असेल तर तो कॉलेजमार्फतच जातो, विभागात कोऑर्डिनेटर कोण ते आताच विचारा. आणि 'कमी भार' शिकवण्याच्या बटणात खरंच काही नवं वाटलं तर प्रोजेक्ट प्रदर्शनात मांडण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज करा. व्यक्तीच्या नावाने ऑनलाइन फी १,६०० रुपये, पूर्ण अर्जाला पुढे १२ महिने मिळतात. आधी सगळ्यांना दाखवून मग अर्ज केला तर नावीन्य गेलं. पण आधी जुनी पेटंटं शोधा. लोड शिकणारे पंप कंट्रोलर बरेच आहेत, बहुधा अर्ज करायची वेळ येणार नाही. तो शोध मात्र रिपोर्टमध्ये एक पान म्हणून घाला.

फेज_तीन

सगळ्यांचे आभार. चौथी स्लाइड काढली. उद्यापासून रिवाइंडिंगचे दर गोळा करतो. ताई, दोन्ही भाषांतली प्रश्नावली तयार झाली की इथेच टाकतो, एकदा नजर घालाल का?

रुब्रिक_वाचा

टाका की. पण प्रत्येक भाषेत दहाच प्रश्न, आणि त्यात 'का' ने सुरू होणारा एकही नको. 'का' विचारलं की माणूस सफाई देतो. 'त्या दिवशी काय झालं' विचारलं की सांगायला लागतो.