'ड्रॅगन एज' आणि 'डार्क फँटसी' ही संज्ञा

प्रश्न : 'ड्रॅगन एज' या गेम-मालिकेला सर्रास 'डार्क फँटसी' म्हटले जाते. जादू, राक्षस आणि रक्तपात एवढ्यावर ही संज्ञा लागू होते का?

उत्तर : रक्तपात हाच निकष मानला, तर तलवारीची जवळपास प्रत्येक कथा या संज्ञेत बसेल आणि संज्ञेला अर्थच उरणार नाही. ज्या कल्पित जगात वाइटाशी लढण्याचे साधनच विटाळलेले असते आणि नायकाला त्यापासून अलिप्त राहता येत नाही, त्यालाच 'डार्क' म्हणावे, असे मला वाटते. २००९ साली आलेला 'ओरिजिन्स' हा पहिला भाग या कसोटीला बराचसा उतरतो. त्यात डार्कस्पॉन या राक्षसी टोळ्यांशी लढणारा ग्रे वॉर्डन योद्धा होण्यासाठी त्याच डार्कस्पॉनचे दूषित रक्त प्यावे लागते; डेव्हेथ हा उमेदवार ते पिऊन मरतो आणि ते पाहून माघार घेणाऱ्या जॉरी या दुसऱ्या उमेदवाराला वॉर्डनांचा म्होरक्या डंकन, म्हणजे ज्याच्या भरवशावर आपण तिथवर आलेलो असतो तोच, जागच्या जागी ठार करतो. जे वाचतात, त्यांच्याही अंगात ते विष भिनत राहते. ओर्झमार या ड्वार्फांच्या, म्हणजे बुटक्या कल्पित जमातीच्या, नगरीत तर सत्तेसाठी भावाच्या जिवावर उठलेला भेलेन गादीवर आला, तरच जातिबाह्य ड्वार्फांना हक्क मिळतात; सचोटीचा हॅरोमाँट त्यांना आणखी दडपतो. संपूर्ण मालिकेतला हा मला सर्वांत अस्वस्थ करणारा निर्णय वाटतो.

आक्षेप : मग 'ओरिजिन्स'मधल्याच रेडक्लिफ गावातल्या प्रसंगाचे काय? राक्षसाने पछाडलेल्या कॉनर या लहान मुलाला मारावे की त्याच्या आईचा बळी देऊन रक्तजादू करावी, असा पेच तिथे उभा राहतो खरा. परंतु सर्कल या संस्थेतल्या जादूगारांची मदत मिळवली, की दोघेही वाचतात आणि त्या विलंबाची कसलीही किंमत मोजावी लागत नाही.

उत्तर : आपला आक्षेप मला मान्य आहे. मालिकेची निर्माती कंपनी 'बायोवेअर'नेही 'ओरिजिन्स'ला 'डार्क हिरोइक फँटसी' म्हटले होते. बोलण्यात मधला 'हिरोइक' गळून पडला आणि सगळा गोंधळ तिथून सुरू झाला. २०११च्या दुसऱ्या भागात मात्र अशी पळवाट जवळजवळ नाही, कारण नायक हॉकने काहीही केले तरी त्याची आई लिअँड्रा वाचत नाही आणि ज्याला त्याने सोबती मानले, तो अँडर्स कर्कवॉल शहरातले चँट्री-मंदिर उडवतोच. म्हणून 'डार्क फँटसी' ही संज्ञा मी निःशंकपणे याच भागासाठी वापरेन. २०१४च्या 'इन्क्विझिशन'मध्ये खेळाडू एका बलाढ्य संघटनेचा नेता असतो आणि कथेचा कल उघडपणे वीरगाथेकडे झुकतो. २०२४च्या 'द व्हेलगार्ड'मध्ये शेवटाकडे हार्डिंग किंवा डॅव्ह्रिन या सोबत्यांपैकी एकाचा मृत्यू अटळ आहे, आणि तो प्रसंग चटका लावतो. तरीही ते निष्कलंक वीरमरण आहे, जॉरीच्या वाट्याला आले तसले मरण नव्हे.