वर्कशॉपमध्ये प्रत्येक यंत्रासाठी वेगळे सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे असावे का?

धागाकर्ती (यांत्रिकी विभागातील अध्यापिका)

आमच्या विद्यापीठाच्या वर्कशॉपसाठी नव्या नियमावलीचा मसुदा तयार होत आहे. आजवर पहिल्या वर्षी फिटिंग, सुतारकाम, वेल्डिंग आणि पत्राकामाचे ठरलेले जॉब पूर्ण केले आणि जर्नलवर सह्या मिळाल्या की पुढची तीन वर्षे लेथपासून (जॉब, म्हणजे कामाचा तुकडा, फिरवत ठेवून कापणारे यंत्र) ग्राइंडरपर्यंत काहीही वापरायला कोणी हरकत घेत नसे. आता असे सुचवले आहे की प्रत्येक यंत्राचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे, निदेशकांसमोर काम करून दाखवावे, ही परवानगी एक वर्षापुरतीच असावी आणि वर्कशॉपमध्ये कोणीही एकट्याने काम करू नये. या चारही गोष्टींना माझा पाठिंबा आहे.

गेल्या सत्रात तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी लेथवर जॉब बांधत होता. जॉब पकडून ठेवणारा चक आवळून झाल्यावर त्याची की, म्हणजे चावी, चकमध्येच राहिली आणि त्या मुलाचा हात यंत्र सुरू करायच्या लिव्हरकडे गेला. मी मागेच उभी होते, ओरडले, म्हणून तो थांबला. लिव्हर ओढला गेला असता तर ती लोखंडी की कोणाच्या तोंडावर जाऊन आदळली असती हे सांगता येत नाही. नंतर मी त्याचे पहिल्या वर्षाचे जर्नल मागवून पाहिले. ‘यंत्र सुरू करण्यापूर्वी चकमधील की काढावी’ हे वाक्य त्यात त्याच्याच अक्षरात होते आणि खाली माझ्याच विभागाची सही होती.

लेथ मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १० फेरे होतात. धोका लक्षात येऊन हात मागे घ्यायला पाव सेकंद लागतो असे धरले, तरी तेवढ्यात ५० मिलीमीटर व्यासाचा जॉब अडकलेली बाही किंवा केस जवळजवळ ४० सेंटीमीटर गुंडाळून घेतो. अडकल्यानंतर सावध होण्याला तिथे अर्थच उरत नाही. एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी रसायनशास्त्राच्या इमारतीतील वर्कशॉपमध्ये रात्री उशिरा एकटीच काम करत असताना तिचे केस लेथमध्ये अडकले आणि तिचा मृत्यू झाला. यंत्र बंद करायला जवळ दुसरे कोणी नव्हते. आपल्याकडे अशी वेळ येण्याची वाट पाहू नये, एवढ्यासाठीच हा धागा काढला आहे.

बाहा संघातील विद्यार्थी

मॅडम, तुमची कळकळ मला समजते, तरीही या मसुद्याला माझा विरोध आहे, आणि तो नियम पाळण्याचा कंटाळा म्हणून नाही. आम्ही बाहा स्पर्धेसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या, खडबडीत वाटेवर चालणाऱ्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी, गाडी बांधतो. रोल केजचे (गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या चौकटीचे) पाइप कापणे, त्यांची तोंडे घासून एकमेकांना बसवणे आणि वेल्डिंग करणे हे काम तासिका सांभाळून होण्यासारखे नाही. आमच्या तासिका संध्याकाळी पाचला संपतात आणि त्याच वेळी वर्कशॉपला कुलूप लागते. मागच्या वर्षी विशेष परवानगीसाठी आम्ही अर्ज केला, तो तीन टेबलांवर फिरला आणि परवानगी मिळेपर्यंत केजचे काम बाहेर उरकून गेले होते.

हे बाहेर म्हणजे कुठे, ते सांगतो. औद्योगिक वसाहतीतील एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये आम्ही रात्री अकरापर्यंत काम केले. तिथल्या चार इंची ग्राइंडरचा गार्ड काढून पाच इंची डिस्क चढवली होती, कारण मोठी डिस्क जास्त दिवस पुरते. चष्मा एकच होता आणि तो इतका चरे पडलेला होता की घालणाऱ्याला रेघ दिसत नसे. तुमच्या कागदावर त्या वर्षी एकही अपघात नाही, कारण आम्ही तुमच्या वर्कशॉपमध्ये नव्हतोच. आणखी चार अटी घातल्या की आणखी मुले त्या शेडमध्ये जातील.

वर्कशॉप निदेशक

मी आयटीआयमधून टर्नरचा, म्हणजे लेथवरच्या कारागिराचा, ट्रेड करून आलो आणि शिकवायला लागून वीसहून अधिक वर्षे झाली. मॅडमचे म्हणणे बरोबर आहे, पण या मुलाच्या बोलण्यातही खोटे काही नाही. मात्र त्याला आधी एक विचारतो. डिस्कवर ती जास्तीत जास्त किती फेऱ्यांना चालवावी हे छापलेले असते. छोटे ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेते. त्या शेडमधील डिस्कवर काय छापले होते, हे तुमच्या संघातल्या एकाने तरी वाचले का? वाचले नसेल तर पहिल्या वर्षाचे प्रशिक्षण पुरेसे होते असे कसे म्हणायचे?

माझ्या हाती दिले तर मी लेखी परीक्षा घेणारच नाही. वीजपुरवठा बंद ठेवून मुलाला लेथसमोर उभे करीन आणि आधी अंगावरचे काय काढायचे ते त्यालाच ओळखायला लावीन. घड्याळ सगळे काढतात, पण मनगटावरचा देवाचा दोरा आणि कडे राहून जाते. मग डोळे मिटून यंत्र थांबवायच्या लाल बटणापर्यंत हात नेऊन दाखवायचा. तो चाचपडला, तर त्या दिवशी यंत्र मिळणार नाही. हातमोज्यांचा प्रश्न मी मुद्दाम विचारतो, कारण बहुतेकांना वाटते की हातमोजे म्हणजे सुरक्षितता. वेल्डिंगला ते हवेतच. पण लेथवर आणि ड्रिलवर हातमोज्याचे टोक अडकले की बोटासकट हात आत जातो, म्हणून तिथे ते चालत नाहीत. कामाचा किस हाताने न ओढता हुकने आणि ब्रशने काढायचा, तोही यंत्र थांबवून. एवढे पाहायला एका मुलामागे वीस मिनिटे लागतात. साठ मुलांचे फक्त लेथचे म्हटले तरी वीस तास झाले, आणि आम्ही निदेशक दोघेच आहोत. मसुद्यात नियम पुष्कळ आहेत, पण माणसांचा उल्लेख कुठेही नाही.

कारखान्यातील सुरक्षा अधिकारी

मी याच शाखेचा माजी विद्यार्थी आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात, कलम २२ मध्ये, चालू यंत्राची तपासणी करण्याचे किंवा त्याला तेल देण्याचे काम खास प्रशिक्षित, अंगासरशी बसणारे कपडे घातलेल्या आणि नोंदवहीत नाव असलेल्या कामगारानेच करावे, असे लिहिले गेले. कामगारासाठी तेव्हाच एवढा विचार झाला होता, परंतु विद्यार्थी हा कामगार नव्हे, म्हणून तो त्या संरक्षणाच्या बाहेर राहतो. येलच्या घटनेतही हेच झाले. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने त्या लेथच्या संरक्षक व्यवस्थेत त्रुटी दाखवल्या, विद्यापीठाने त्या मान्य केल्या नाहीत, आणि ती मुलगी कर्मचारी नसल्यामुळे त्या यंत्रणेला पुढे कारवाई करता आली नाही. कायदा जिथे थांबतो, तिथे विद्यापीठाने स्वतःचा नियम केलाच पाहिजे, असे माझे मत आहे.

एका कलमाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे, तो म्हणजे दरवर्षीचे नूतनीकरण. कारखान्यात असे वार्षिक सोपस्कार मी जवळून पाहिले आहेत. दुसऱ्या वर्षापर्यंत त्याचा एक फॉर्म होतो आणि तिसऱ्या वर्षी फॉर्म आधी भरून ठेवतात व सह्या नंतर गोळा करतात. त्याऐवजी ज्याने तीन महिने त्या यंत्राला हात लावलेला नाही, त्याने पुन्हा निदेशकांसमोर उभे राहावे, असा नियम करावा. रोज लेथ चालवणाऱ्याला वर्ष संपले म्हणून परत बोलावण्यात निदेशकांचाच वेळ जातो.

उत्पादन शाखेतील विद्यार्थिनी

‘एकट्याने काम करू नये’ हे वाक्य वाचायला निर्विवाद वाटते. आमच्या तुकडीत मात्र आम्ही चारच मुली आहोत, आणि वसतिगृहाची वेळ मुलींसाठी वेगळी आहे. जोडीला कोणी नाही म्हणून परत जा, असे आम्हालाच जास्त वेळा ऐकावे लागेल. मसुद्यात ‘विद्यार्थिनींनी केस बांधावेत’ असेही लिहिले आहे. आमच्या वर्गात दोन मुलांचे केस खांद्यापर्यंत आहेत आणि एकाच्या गळ्यात रुद्राक्षांची माळ असते. केस टोपीखाली, गळ्यात काही नाही, मनगटात काही नाही, असे सर्वांसाठी एकच लिहा, म्हणजे नियम यंत्राकडे पाहून केला आहे हे कळेल. प्रशिक्षणाला माझा विरोध मुळीच नाही. उलट सरांनी सांगितलेली लाल बटणाची चाचणी मला उद्याच द्यायला आवडेल.

धागाकर्ती

केसांबद्दलचे वाक्य बदलायलाच हवे, ते माझ्याही नजरेतून सुटले होते. वार्षिक नूतनीकरणाऐवजी तीन महिन्यांच्या खंडाची अट मला पटते. एकट्याने काम न करण्याची अट मात्र मी सोडणार नाही, मग कोणाची कितीही अडचण होवो. जोडीदार शोधण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकू नये, निदेशक तिथे हजर असावा, एवढी दुरुस्ती मी मांडीन.

बाहा संघातील विद्यार्थी

निदेशक सर, डिस्कवर काय छापले होते ते आम्ही वाचले नव्हते, हे मान्य करतो. आज शेडमध्ये जाऊन पाहिले. डिस्कवर १०,००० च्या आतला आकडा होता आणि ग्राइंडरच्या पट्टीवर ११,०००. म्हणजे त्या रात्री आम्ही सहा जण तिच्या समोर उभे होतो.

तेव्हा यंत्रनिहाय प्रशिक्षणाला आता माझी हरकत नाही, चाचणी कितीही कडक असली तरी आमचा संघ ती देईल. पण संध्याकाळी पाच ते नऊ वर्कशॉप उघडे राहील आणि त्या वेळेसाठी तिसरा निदेशक नेमला जाईल, हे नियमावलीच्या त्याच पानावर लिहिले जाईपर्यंत माझा विरोध नोंदवून ठेवा. कुलूप पाचलाच लागणार असेल, तर परवानगीपत्र खिशात घालून आम्ही पुन्हा त्याच शेडमध्ये जाऊ.