चर्चच्या इमारतीसाठी निधी: आकडा आधी जाहीर करायचा की काम आधी ठरवायचं?

प्रश्न (पंचकमिटी, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचा सदस्य)

सर्वांना सलाम. चर्चची इमारत जुनी आहे: दगडी भिंती, छताला आधार देणारे त्रिकोणी लाकडी सांगाडे म्हणजे कैच्या, वर कौलं. भिंतींना ओल आहे, वायरिंग जीर्ण झालंय, दारापुढे तीन पायऱ्या असल्याने चाकाच्या खुर्चीला आत जाता येत नाही आणि उपदेशाचा आवाज घुमतो. कमिटीत दोन मतं आहेत. काहींच्या मते पुढच्या उपासनेतच एकूण रक्कम जाहीर करून प्रत्येक कुटुंबाला समान वाटा ठरवावा. इतर म्हणतात, आधी रंग आणि साउंड करा, काम दिसलं की देणग्या वाढतील. काय करावं?

उत्तर: निधी समितीचं काम पाहणारा

रक्कम इतक्यात जाहीर करू नका. एकदा बोललेला आकडा वाढवावा लागला की विश्वास कमी होतो.

आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी अहवाल घ्या. त्यात प्रत्येक काम तातडीचं, दोन वर्षांत करायचं की थांबू शकणारं, ते लिहून मागा. मग मोजमापांसह कामांची यादी करा आणि त्याच यादीवर किमान तीन कंत्राटदारांचे दर घ्या. याद्या वेगळ्या असतील तर दरांची तुलनाच होत नाही. जुन्या इमारतीत अनपेक्षित खर्चासाठी १५ ते २० टक्के धरा, कारण गिलाव्याखाली काय आहे ते उकरल्यावरच कळतं. वास्तुविशारदाची फी, कर, परांची आणि काम चालू असताना उपासनेची पर्यायी सोय हे चार खर्च हमखास विसरले जातात.

समान वाट्याची पद्धत टाळा. ज्यांना झेपत नाही ते संकोचतात आणि ज्यांना दहापट देता येईल ते ठरलेल्या वाट्यावर थांबतात. अशा मोहिमांत सर्वांत मोठी देणगी एकूण रकमेच्या १० ते २० टक्के असावी लागते. त्यामुळे मोठं देऊ शकणाऱ्यांना जाहीर करण्याआधी घरी जाऊन भेटा, आणि भेटायला जाणाऱ्याने स्वतः आधी दिलेलं असावं. निम्म्याहून अधिक रकमेची वचनं हाती आली की मगच मंडळीपुढे बोला. बायबलमधल्या १ इतिहास २९ मध्ये हाच क्रम आहे: आधी दावीद राजा स्वतःचं सोनं-रुपं देतो, मग सरदार देतात, आणि ते पाहून लोकांना आनंद होतो.

उत्तर: जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारा

रंग सगळ्यात शेवटी. ओल्या भिंतीवर दिलेला रंग पहिल्या पावसानंतर फुगतो आणि देणगीदारांसमोरच सोलून पडतो.

पहिला पैसा पाणी अडवण्यावर: कौलं, पन्हळी, भिंतीच्या पायथ्याचा निचरा. बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा वर आली असेल तर ती आधी काढा. कैच्यांची भिंतीत रुतलेली टोकं टोच्याने तपासा, कुजणं तिथूनच सुरू होतं. मधलं लाकूड धडधाकट दिसतं म्हणून फसू नका. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीवर कुणी सिमेंटचा गिलावा केला असेल तर तो उतरवा. सिमेंट आतली ओल बाहेर जाऊ देत नाही, मग ती दुसऱ्या वाटेने वर चढते, क्षार फुटतात आणि मऊ दगडाच्या खपल्या निघतात. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, चुन्यानेच भरा. भिंत वाळायला दर २५ मिमी जाडीला साधारण महिना लागतो. ही मुदत वेळापत्रकात धरली नाही तर कंत्राटदार घाई करतो.

वायरिंगचे पाइप गिलाव्याआधी टाका, सोबत साउंडसाठी दोन-तीन रिकामे पाइपही. प्लगच्या सर्किटना ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीजगळती झाली की प्रवाह तोडणारं बटण) हवंच. घुमणारा आवाज जास्त वॅटच्या स्पीकरने वाढतो. उंच, सडपातळ कॉलम स्पीकर लोकांच्या दिशेने लावा, म्हणजे छताकडे कमी आवाज जाईल.

रॅम्पचा उतार १:१२ ठेवा. तीन पायऱ्यांची उंची ४५० मिमी असेल तर रॅम्प ५.४ मीटर लांब होतो, शिवाय वर-खाली प्रत्येकी दीड मीटर सपाट जागा. जागा अपुरी म्हणून उतार तीव्र केला की खुर्ची ढकलणाराच घसरतो. त्यापेक्षा बाजूच्या दाराचा विचार करा.

पंचकमिटी सदस्य

वचनपत्रं (किती देणगी देणार ते लिहून दिलेले कागद) भरून आली की काम सुरू करता येईल का?

उत्तर: हिशेब तपासनीस

नाही. वचनं तीन वर्षांत हप्त्याने येतात, बिलं दर महिन्याला. काही वचनं पुरी होतही नाहीत: बदली, आजारपण, मृत्यू. म्हणून काम टप्प्यांत तोडा आणि ज्या टप्प्याची रक्कम बँकेत आहे त्याच टप्प्याचा करार करा.

खातं वेगळं, सह्या दोघांच्या. वचनपत्रावर ‘नेहमीच्या अर्पणाव्यतिरिक्त’ हे शब्द छापा, नाहीतर इमारत उभी राहते आणि पाळकांचा पगार थकतो. रक्कम उरली किंवा कमी पडली तर ती कशासाठी वापरली जाईल, हेही त्यावरच लिहा. बायबलमधल्या २ राजे १२ मध्ये मंदिराची दुरुस्ती नेहमीच्या जमेतून करायची ठरली आणि योवाश राजाच्या कारकिर्दीच्या २३ व्या वर्षापर्यंत काहीच झालं नाही. मग यहोयादा याजकाने वेगळी पेटी ठेवली. पैसे दोघांनी मिळून मोजले आणि ते कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती दिले.

प्रत्येक बिलातून ५ टक्के राखून ठेवा आणि काम संपल्यावर एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच ती रक्कम सोडा. ही अट करारातच हवी, नंतर घालता येत नाही.