फारकत, काडीमोड, सोडचिठ्ठी आणि घटस्फोट : अर्थ आणि वापर

प्रश्न

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी नोकरी करतो. आमच्या एका कामगाराने भविष्य निर्वाह निधीच्या आणि राज्य विम्याच्या नोंदींतून पत्नीचे नाव कमी करून तेथे दुसऱ्या पत्नीचे नाव लावावे असा अर्ज दिला असून सोबत ‘फारकतनामा’ जोडला आहे. कागद स्टॅम्पपेपरवर टंकलिखित आहे; त्यावर नवऱ्याची सही, बायकोचा निळा अंगठा, पंचांच्या सह्या आणि खाली नोटरीचा गोल शिक्का आहे. मजकुराचा शेवट असा : ‘आजपासून आपण एकमेकांपासून मोकळे झालो असून यापुढे एकमेकांवर कोणत्याही प्रकारचा हक्क वा दावा राहिलेला नाही, सबब हा फारकतनामा राजीखुशीने लिहून दिला असे.’ कोशात ‘फारकत’ या शब्दापुढे घटस्फोट असाच अर्थ दिलेला दिसतो. तेव्हा फारकत झाली म्हणजे घटस्फोट झाला असे समजावे काय? काडीमोड आणि सोडचिठ्ठी यांचाही अर्थ तोच आहे काय?

उत्तर

कोशातला अर्थ चुकीचा नाही, पण तो लोकव्यवहारातला अर्थ आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने या चार शब्दांत बरेच अंतर आहे.

‘फारकत’ आपल्याकडे फार्सी दफ्तरातून आली. ‘फारिग’ म्हणजे मोकळा आणि ‘खत’ म्हणजे कागद. देणे फिटले, हिशेब चुकता झाला, आता तुमचे आमच्याकडे काही येणे नाही, असे लिहून देण्याचा तो कागद. सावकाराकडून ऋणको फारखती घेई. नवरा-बायकोच्या संबंधापुरता हा शब्द पुढे आकसला, तरी त्याचा मूळचा पैस अजून गेलेला नाही. ‘त्यांनी पक्षाशी फारकत घेतली’ असे आपण लिहितो तेव्हा कोणतेही न्यायालय आपल्या मनात नसते. ‘हक्क वा दावा राहिलेला नाही’ हे तुमच्या कागदातले वाक्यदेखील विवाहापेक्षा देण्याघेण्याच्या दस्तऐवजाचेच अधिक आहे.

काडीमोड हा रूढीतला शब्द आहे. पंचांसमोर गवताची काडी मोडायची आणि संबंध संपला असे जाहीर करायचे, अशी चाल अनेक जातींत होती. त्यानंतर बाईला पाट लावता, म्हणजे पुन्हा लग्न करता येई. सोडचिठ्ठी म्हणजे सोडल्याची चिठ्ठी, आणि ती बहुधा नवऱ्यानेच द्यायची असे. ‘तिला सोडचिठ्ठी दिली’ या वाक्यातला एकतर्फीपणा त्या शब्दाच्या घडणीतच आहे, म्हणून आजच्या लेखनात तो घटस्फोटाचा पर्याय म्हणून वापरू नये असे माझे ठाम मत आहे.

‘घटस्फोट’ मात्र मुळात विवाहाशी संबंधित नव्हताच. धर्मशास्त्रात पतित ठरलेल्या माणसाला कुटुंबाने आणि ज्ञातीने तोडण्याचा तो विधी होता. जिवंत माणसाच्या नावाने, तो मेला असे धरून, पाण्याचा घट पालथा करीत किंवा फोडीत. म्हणजे या शब्दाचा जुना अर्थ वाळीत टाकणे असा होता, आणि महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने ज्या कृत्याला गुन्हा ठरवले ते नेमके हेच. विवाहविच्छेद हा अर्थ त्याला नंतर चिकटला, आणि आता तर कायद्याच्या मराठीत तोच स्थिर झाला आहे.

हे अंतर क्रियापदावरून लगेच ओळखता येते. फारकत दिली जाते, घेतली जाते, लिहून दिली जाते. घटस्फोट ‘मंजूर’ होतो. जे मंजूर व्हायचे ते मंजूर करणारा कोणी तरी तिसरा असावा लागतो, आणि हिंदू विवाह अधिनियम, १९५५ प्रमाणे तो तिसरा म्हणजे न्यायालय. पंच नव्हे आणि नोटरीही नव्हे. नोटरीच्या शिक्क्याने फार तर दस्तऐवज अमुक माणसांनी केला एवढे दिसते. विवाह मोडण्याचा अधिकार नोटरीला नाही. दोघांचीही संमती असेल तर कलम १३-ब खाली संयुक्त अर्ज करता येतो. न्यायालयाच्या आवारात त्याला नुसते ‘म्युच्युअल’ म्हणतात. त्यासाठीही किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतात असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. सारांश, आपसात ठरलेली गोष्टही कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय घटस्फोट होत नाही.

पुरवणी

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, परंतु काडीमोड केवळ इतिहासात जमा झाली असे त्यावरून कोणी समजू नये. त्याच अधिनियमाच्या कलम २९(२) ने रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे. अट अशी की, ती रूढी दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेलेली असली पाहिजे, ती निश्चित आणि वाजवी असली पाहिजे, आणि जो रूढीचा आधार घेतो त्यानेच ती पुराव्याने शाबीत केली पाहिजे. ‘आमच्यात अशी पद्धत आहे’ एवढे म्हणून भागत नाही.

नाशिक जिल्ह्यात आणखी एक गोष्ट डोळ्याआड करता येत नाही. कलम २(२) प्रमाणे हा अधिनियम अनुसूचित जमातींना, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागूच होत नाही. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांतून कामाला येणाऱ्या कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांच्या बाबतीत विवाह आणि त्याचा विच्छेद हे जमातीच्या रूढीवर अवलंबून असतात, आणि पंचांसमोरची काडीमोड तेथे खरोखरच विवाह संपवणारी असू शकते. वाद झालाच तर तीही दिवाणी न्यायालयात सिद्ध करावी लागते. म्हणून अर्जदाराचा समाज कोणता हे पाहिल्याशिवाय ‘फारकतनामा म्हणजे रद्दी’ असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल.

पुन्हा प्रश्न

दोघांचेही आभार. अर्जदार अनुसूचित जमातीचा नाही, आणि त्याच्या समाजात अशी रूढी असल्याचा कोणताही पुरावा त्याने दिलेला नाही. अशा स्थितीत दुसऱ्या पत्नीचे नाव लावले तर काय होईल? आणि पहिल्या पत्नीने ‘हक्क राहिलेला नाही’ यावर अंगठा दिला आहे, तर तिची पोटगी गेली काय?

उत्तर

पहिला विवाह कायम असेल तर दुसरा विवाह हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे शून्य, म्हणजे मुळात झालाच नाही असा, ठरतो. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली तो गुन्हा असून त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्या स्त्रीला ‘फारकत झालेली आहे’ असे सांगूनच बहुधा लग्न केलेले असते, आणि या एका शब्दावर विसंबून तिचेही आयुष्य अडकते. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत वाईट तिचेच वाटते. अशा विवाहातील मुलांना मात्र त्याच अधिनियमाच्या कलम १६ ने औरस मानले आहे. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत सदस्याच्या मृत्यूनंतरचे निवृत्तिवेतन कायदेशीर विधवेला मिळते, त्यामुळे तुम्ही आज नाव बदलले तरी उद्या वाद उभा राहील आणि कार्यालयाची नोंदच त्या वादात पुरावा म्हणून पुढे येईल.

पोटगी हा शब्द ‘पोट’ यावरून आला आहे आणि कायद्यानेही तो त्याच भावनेने घेतला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली, पत्नीला पोटगी मागता येते, आणि घटस्फोटितेलाही, तिने पुनर्विवाह केलेला नसल्यास, ती मागता येते. पोटगी कायमची सोडल्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे असे उच्च न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे. तरीही धोका उरतोच, कारण परस्परसंमतीने वेगळे राहणाऱ्या पत्नीला पोटगी नाकारण्याची तरतूद त्याच कलमात आहे आणि नवऱ्याचा वकील नेमका हाच फारकतनामा न्यायालयापुढे ठेवतो. ‘राजीखुशीने’ हा शब्द कागदात आला तो टंकलेखकाच्या सवयीने की बाईच्या इच्छेने, हे मग तिला सिद्ध करीत बसावे लागते.

तुमच्या अर्जावर ‘फारकतनामा अमान्य’ असा शेरा मारू नका. तो निवाडा करण्याचा अधिकार कार्यालयालाही नाही. ‘विवाह संपुष्टात आल्याबाबत सक्षम न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत सादर केल्यास विचार करण्यात येईल’ असे लिहा, आणि तोपर्यंत वैवाहिक स्थितीच्या रकान्यात ‘घटस्फोटित’ हा शब्द लिहू नका.